दिव्याने सुकणारी शाई आणि आपल्या पिशव्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी येतात आणि आपल्याला चार मोलाचे शब्द सांगतात. यंदा हे काम कार्यकारिणीने माझ्यावर सोपविले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. उभ्याने बोलण्याची सवय नाही, म्हणून वहीत लिहून आणले आहे तेच वाचते. कोठे चुकले तर आपलीच म्हणून सांभाळून घ्यावे.

विषय मी निवडलेला नाही. तो गेल्या पावसाळ्यात आपल्या सर्वांच्याच गळ्यात पडला. दिव्याच्या उजेडाने कापडावरील शाई क्षणात सुकविणारे यंत्र मंडळाच्या शिलकेतून घ्यावे की नाही, यावर आपल्यात दोन तट पडले होते. ते यंत्र घ्यावे असा आग्रह धरणाऱ्यांत मी पहिली होते. पुढे ते आपण घेतले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे; पण का घेतले नाही, आणि त्यातून काय शिकलो, हे नीट कोणी सांगितलेले नाही. ते सांगणे माझे कर्तव्य आहे असे मला वाटते, कारण माझ्या आग्रहाची किंमत दुसऱ्या एका भगिनीने मोजली आहे.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून आपण कापडी पिशव्या शिवू लागलो आणि पुढे त्यांवर दुकानांची नावे छापू लागलो. आपल्या इचलकरंजीत कापडाला तोटा नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव मागाच्या खडखडाटावरच जगत आले आहे. कापड मिळते, शिवणारे हात आहेत, छपाईही आपल्याला जमली. अडचण एकच, आणि ती म्हणजे पावसाळा. गणपतीच्या आधीच्या दिवसांत मागणी सर्वांत अधिक आणि ऊन सर्वांत कमी. गेल्या वर्षी मंडळाच्या खोलीत दोऱ्यांवर ओल्या पिशव्या लटकत होत्या आणि आपण पाचजणी आळीपाळीने एकेका पिशवीवर इस्त्री फिरवीत बसलो होतो. हात भाजले, विजेचे बिल वाढले, आणि तरीही माल दोन दिवस उशिरा गेला.

अशा वेळी एक विक्रेते गृहस्थ आले. त्यांनी बरोबर आणलेल्या लहान यंत्राच्या पट्ट्यावर छापलेली पिशवी ठेवली. ती दिव्याखालून गेली आणि पलीकडे बाहेर आली तो शाई सुकलेली! बोट लावले तर बोटाला काही लागेना. आपण सगळ्या चकित झालो. "पाऊण वीज वाचेल," असे ते म्हणाले. मी तेथल्या तेथे म्हटले, की आता इस्त्रीला रजा द्यावी.

तेव्हा आपल्यातील एक वयस्क काकू शांतपणे म्हणाल्या, "अगं, वीज वाचेल म्हणतोस, पण आधी ती जाते कशात ते तरी बघा." त्यांच्या त्या एका वाक्याने पुढची सगळी चौकशी सुरू झाली. म्हणून मीही तेथूनच आरंभ करते.

उष्णता जाते कोठे?

आपण चुलीवर पाणी ठेवतो. एक लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीपर्यंत, म्हणजे शंभर अंशांपर्यंत न्यावयास सत्तर किलोकॅलरी उष्णता लागते. पण तेच उकळते पाणी भांडे कोरडे होईपर्यंत आटवावयाचे म्हटले, तर आणखी सुमारे पाचशे चाळीस किलोकॅलरी लागतात. म्हणजे उकळी आणण्याला लागते त्याच्या पावणेआठ पट! चहाला उकळी चटकन येते आणि बासुंदी आटता आटत नाही, याचे कारण हेच. सगळी मिळून ही उष्णता विजेच्या हिशेबात लिटरमागे सुमारे ०.७ युनिट होते, आणि तीही काही वाया गेले नाही असे धरून.

माझे यजमान येथील एका प्रोसेसमध्ये स्टेंटरवर कामाला आहेत. ज्यांनी स्टेंटर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. ती एक लांबलचक भट्टीच असते. ओले कापड दोन्ही काठांना धरून ताणलेल्या स्थितीत तिच्यातून नेतात आणि आत गरम हवा खेळवितात. तेथे उन्हाळ्यात काम करणे म्हणजे काय, हे त्या माणसाचा सदरा धुणारी बाईच जाणते. काकूंचा प्रश्न मी त्यांना विचारला. ते म्हणाले, "आम्ही कापड कमी आणि पाणीच जास्त तापवितो." मग आम्ही दोघांनी रात्री वहीत हिशेब मांडला.

शंभर किलो सुती कापड रसायनाच्या पाण्यातून काढून रुळांत पिळले, की त्यात सुमारे सत्तर किलो पाणी उरते असे धरू. ते उडविण्यास कमीत कमी एकोणपन्नास युनिटांइतकी उष्णता हवी. आणि कोरडे झालेले तेच शंभर किलो कापड दीडशे अंशांपर्यंत तापविण्यास? पाच युनिटांच्या आतच! प्रत्यक्षात भट्टीतून गरम हवा बाहेर जाते ती वेगळी. पण हे दोन आकडे शेजारी ठेवले की डोळे उघडतात. कापडावरील रंग पक्का करण्यास जी उष्णता खरोखर लागते ती थोडी. बाकी सारा कोळसा, लाकूड, वायू आणि वीज पाण्याची वाफ करण्यात जाते.

आपल्या पिशव्यांचेही तेच. आपली छपाईची शाई पाण्याची असते. तिच्यात रंग असतो, रंगाला कापडाशी धरून ठेवणारा बाइंडर असतो, आणि उरलेला मोठा भाग पाणी. आधी ते पाणी उडाले पाहिजे, आणि नंतर दीडशे अंशांच्या आसपास काही मिनिटे उष्णता मिळाली पाहिजे, म्हणजे बाइंडर पक्का होऊन धुण्याने रंग जात नाही. वाळणे आणि पक्के होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण इतकी वर्षे त्या एकच समजत होतो.

उजेड काय करतो?

आता दिव्याकडे वळू. हे काही जादूचे प्रकरण नाही. आपल्यापैकी पुष्कळजणींनी ते न जाणता पाहिलेले आहे. दाताच्या डॉक्टरांकडे दाढ भरतात, तेव्हा मऊ लगदा भरून त्यावर निळा दिवा वीसेक सेकंद धरतात आणि दाढ दगडासारखी घट्ट होते. लग्नपत्रिकेवर आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर "यू. व्ही." म्हणून चकचकीत उठावदार थर देतात, तोही असाच. ब्युटी पार्लरमध्ये मुली नखांना जेल लावून लहानशा पेटीत हात घालून बसतात, तेही हेच. सगळीकडे युक्ती एकच आहे.

त्या पदार्थात एक दाट राळ असते, तिला पातळ करणारा एक द्रव असतो, आणि अगदी थोडेसे एक तिसरे द्रव्य असते, ज्याला फोटोइनिशिएटर म्हणतात. ठरावीक उजेड पडला की हे तिसरे द्रव्य फुटते आणि त्याचे तुकडे राळेच्या कणांना जोडण्यास लावतात. मंगळागौरीत एकीने हात पुढे केला की दुसरी तो धरते, दुसरीचा तिसरी धरते, आणि पाहता पाहता फेर पुरा होतो, तसे कण एकमेकांना धरतात. पातळ करणारा द्रवही उडून जात नाही. तोही त्या फेरात सामील होतो. जेवढे ओतले तेवढे सगळे घट्ट होते. म्हणून येथे वाफ करावयास पाणीच नसते. विजेची बचत होते ती यामुळे. दिव्यात काही अद्भुत शक्ती आहे म्हणून नव्हे, तर पाणी उडविण्याचे कामच उरत नाही म्हणून.

दाढ भरण्याच्या लगद्यात हे तिसरे द्रव्य बहुधा कॅम्फरक्विनोन नावाचे असते, आणि ते कापरापासून बनवितात, हे ऐकून मला फार नवल वाटले. आरतीला आपण जो लावतो तोच कापूर!

ही विद्याही आजची नाही. फ्रान्समध्ये नीसेफोर निएप्स नावाच्या गृहस्थांनी १८२०च्या दशकात पाहिले होते, की एका जातीचे डांबर उजेडात घट्ट होते आणि अंधारात राहिलेला भाग तेलाने धुऊन निघतो. त्यावरूनच त्यांनी १८२६-२७च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचे छायाचित्र घेतले. कॅमेऱ्याने काढलेल्या आणि आजवर टिकलेल्या छायाचित्रांत ते सर्वांत जुने मानतात.

आता दिव्यांच्या जातीविषयी दोन शब्द. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. तो पेटल्यावर पूर्ण तेज यावयास काही मिनिटे घेतो, आणि विझविला तर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. म्हणून काम थांबले तरी तो जळतच ठेवावा लागतो. तो अतिनील किरणांबरोबर उष्णताही पुष्कळ टाकतो. शिवाय पारा विषारी. पाऱ्याचा वापर जगभर कमी व्हावा म्हणून २०१३ साली मिनामाता करार झाला, आणि २०१८ साली भारतानेही त्याला मान्यता दिली. नव्या यंत्रांत एल. ई. डी. दिवे असतात. निळा एल. ई. डी. तयार करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे अतिनील दिवे त्याच घराण्यातले. ते बटण दाबताच लागतात आणि बटण दाबताच विझतात, आणि उष्णता फार कमी टाकतात. आपल्याला दाखविलेले यंत्र पाऱ्याच्या दिव्याचे होते. हे आपण त्या दिवशी विचारलेच नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.

आपल्या पिशव्यांवर काय झाले?

यंत्र आठ दिवस पाहण्यासाठी ठेवून घ्यावे असे ठरले. त्या शाईने छापलेल्या काही पिशव्या आपण वापरून आणि धुऊन पाहिल्या. पहिल्या दिवशी त्या देखण्या दिसल्या. तिसऱ्या धुण्यानंतर जेथे घडी पडत होती तेथे शाईला तडे गेले. पिशवीला आतून एक उग्र वास येई, तो काही केल्या जाईना. काळ्या रंगाचा मोठा ठसा वरून कोरडा दिसे. पण नख लावले की खाली शाई मऊच.

त्याचे कारण नंतर कळले. उष्णता आतपर्यंत झिरपते. उजेड जेथे दिसेल तेथेच पोचतो. दाताचे डॉक्टरसुद्धा एका वेळी दोनेक मिलिमीटरचाच थर भरतात, आणि प्रत्येक थराला दिवा दाखवितात. आपले सुती कापड तर सुताचे विणलेले, आणि सूत शेकडो तंतूंचे पिळलेले. पातळ शाई त्या तंतूंच्या सावलीत शिरते. तेथे उजेड नाही, म्हणून ती तेथे कच्ची राहते. त्यातून काळा रंग उजेड गिळून टाकतो, आणि पांढरा तो परतवितो. खालच्या थराला दोन्हीकडून उपासच. आणखी एक गंमत म्हणजे, अगदी वरच्या पापुद्र्याशी हवेतला प्राणवायू मध्ये घुसून त्या फेरातले हात सोडवितो, म्हणून दिवा कमी पडला तर पृष्ठभागही चिकट राहतो. आणि जी राळ कडक होते ती दाढेला चांगली. पण पिशवीला रोज घडी पडते.

ही कच्ची राहिलेली शाई नुसती वास मारून थांबत नाही. आता जे सांगते, ते सांगताना मला वाईट वाटते. आपल्यातील जी भगिनी छपाईत सर्वांत तरबेज, तिने आठ दिवस उघड्या हातांनी ती शाई हाताळली. पाण्याच्या शाईला आपण हातमोजे कधीच घालीत नव्हतो, आणि मीच तिला म्हटले होते, "काही होत नाही, संध्याकाळी साबणाने धू." सातव्या दिवशी तिच्या बोटांच्या पेरांवर खाज सुटली, बारीक फोड आले, नंतर कातडी सोलली. पोळ्यांची कणीक मळता येईना. पंधरा दिवस तिच्या सासूबाईंनी स्वयंपाक केला. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले, की ही ॲक्रिलेटची ॲलर्जी आहे. त्या पातळ द्रवाच्या कुळाचे नाव ॲक्रिलेट. एकदा शरीराने असा वैरी ओळखला, की तो सहसा जन्मभर विसरत नाही. पुढे दाढ भरावयाची झाली तरी तिने डॉक्टरांना आधी हे सांगावयास हवे.

शाई पूर्ण घट्ट झाली, तर तिचा त्रास सहसा होत नाही. धोका असतो तो ओल्या आणि अर्धवट घट्ट शाईचा. हे त्या डब्यावर बारीक अक्षरांत छापलेले होते. ते इंग्रजीत होते म्हणून मी वाचले नाही, आणि कोणाकडून वाचून घेतलेही नाही. ही चूक माझी. मी त्या भगिनीची घरी जाऊन क्षमा मागितली आहे. आज आपल्या सर्वांसमोर पुन्हा मागते.

ज्या मुली पार्लरमध्ये जेलची नखे करून घेतात, त्यांच्या आयांनाही माझे सांगणे आहे. तो पदार्थ याच कुळातला. नखाबाहेर कातडीला तो लागू देऊ नये, आणि घरी स्वस्तातला संच आणून अर्धवट सुकवू नये. नखांच्या जेलमध्ये टी. पी. ओ. नावाचे फोटोइनिशिएटर वापरीत असत. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली आहे.

पैशाचा हिशेब

आता विक्रेत्यांच्या "पाऊण वीज वाचेल" या म्हणण्याकडे येऊ. ते गृहस्थ खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. आपली इस्त्री हजार वॅटची. एका पिशवीला पाच मिनिटे धरली, तर शंभर पिशव्यांना आठ युनिटांहून थोडी अधिक वीज. त्यांचे यंत्र दोन हजार वॅटचे, आणि तासाला शंभर पिशव्या काढते असे धरले तर दोन युनिटे. म्हणजे सहा युनिटे वाचली. पाऊण वीज खरोखरच वाचली! युनिटला दहा रुपये धरले तरी साठ रुपये झाले.

पण त्याच शंभर पिशव्यांना सुमारे एक किलो शाई लागते, आणि त्यांची शाई आपल्या शाईहून किलोमागे सहाशे रुपयांनी महाग होती. साठ वाचविण्यासाठी सहाशे खर्च! शिवाय आपण बायका. मध्येच कोणाचे मूल शाळेतून येते, कोणाचा नळ येतो, काम थांबते. पण पाऱ्याचा दिवा मात्र जळत राहतो. मग ती पाऊण बचतही उरत नाही. बचतीचा आकडा ऐकला, की ती कशातली आणि कोणत्या कामावर मोजलेली, हे विचारावयास हवे, हा धडा मी यातून घेतला.

मग ही विद्या वाईट काय?

मुळीच नव्हे. तिची जागा निराळी आहे, एवढेच. जेथे पृष्ठभाग गुळगुळीत आहे, थर वरच्यावर बसतो, शाई आत शिरत नाही, आणि यंत्र सकाळपासून रात्रीपर्यंत चालते, तेथे ती शोभते. मंडपाच्या आणि जाहिरातीच्या लेप दिलेल्या कापडावर, रेक्झिनसारख्या कापडाच्या वरच्या थरावर, लाकडी सामानावर, कागदावर ती उत्तम चालते. मोठ्या भट्टीतून कापड नेण्याऐवजी दिव्यांच्या एका पट्टीखालून नेले, तर इंधन वाचेल, धूर कमी होईल, आणि भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगाची लाही होणार नाही. आमच्या घरी तर याची वाट कोणी पाहत असेल तर ती मीच!

तेव्हा उद्या कोणी पुन्हा असे यंत्र घेऊन आले, तर त्यांना हाकलून देऊ नये. पण हे प्रश्न अवश्य विचारावे. दिवा पाऱ्याचा की एल. ई. डी.? शाईत पाणी आहे काय? कारण पाण्यात कालविलेल्या अशा शायाही मिळतात. त्यांना आधी वाळवावे लागते आणि मग दिवा दाखवावा लागतो, म्हणजे बचत तेवढी कमी झाली. आपल्याच कापडावर, आपल्याच काळ्या रंगाने छापून, दहा वेळा धुऊन आणि चुरगाळून दाखवाल काय? लहान मुलाच्या अंगाला लागणाऱ्या कपड्याला ही शाई चालेल असे लेखी देता काय? आणि हातमोजे व डोळ्यांचा चश्मा बरोबर देता काय? कारण तो उजेड डोळ्यांनी पाहण्याचा नव्हे. या प्रश्नांना जो नीट उत्तरे देईल, त्याचा माल जरूर पाहावा.

आपण शेवटी काय केले?

यंत्र परत गेले. पण त्याने शिकविलेली गोष्ट मागे राहिली. बचत पाणी न तापविण्यात आहे, हे एकदा कळल्यावर आपण आपल्याच पद्धतीकडे नव्याने पाहिले. आपण ओल्या पिशवीवर इस्त्री ठेवीत होतो, म्हणजे विकतच्या विजेने पाणी उडवीत होतो. दोरीवर कपडे वाळतात तेव्हाही उष्णता लागतेच. पण ती हवेकडून फुकट मिळते. पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून ती हलती ठेवावी लागते. आपण छपाईच्या खोलीत दोऱ्या एक हात अंतरावर बांधल्या, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या आणि एक पंचाहत्तर वॅटचा पंखा लावला. पिशव्या रात्रभर वाऱ्यावर ठेवावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी अगदी कोरड्या झाल्यावरच तापवावयाच्या. इस्त्रीऐवजी टी-शर्टवाल्यांकडचे जुने प्रेस यंत्र घेतले. त्यात एका वेळी दोन पिशव्या बसतात, आणि उष्णतेचा आकडा व वेळ नेमकी लावता येते. मीटर पाहून लिहून ठेवले आहे, की पंख्यासकट शंभर पिशव्यांना आता तीन युनिटांच्या आसपास वीज लागते. आठाची तीन झाली, शाई तीच राहिली, आणि कोणाच्या हाताला फोड आला नाही.

दिवाही आपण घेतलाच. पण दुसऱ्या कामासाठी. छपाईची चौकट आपण स्वतः तयार करतो, हे छपाई करणाऱ्या भगिनींना ठाऊक आहे. ताणलेल्या जाळीवर अंधारात लेप द्यावयाचा, तो वाळला की त्यावर नक्षीची फिल्म ठेवून उजेड दाखवावयाचा, आणि मग पाण्याने धुवावयाचे. उजेड लागलेला लेप घट्ट होतो आणि नक्षीखालचा धुऊन जातो. म्हणजे उजेडाने लेप घट्ट करण्याची जी विद्या आपण नवलाने पाहिली, ती आपण वर्षानुवर्षे आपल्याच खोलीत करीत होतो! पूर्वी या लेपात डायक्रोमेट घालीत. ते अंगाला फार घातक, म्हणून आपण केव्हाच सोडले आहे. या कामाला आपण पाचशे वॅटचा हॅलोजन दहा-बारा मिनिटे जाळीत होतो. आता पन्नास वॅटचा अतिनील एल. ई. डी. घेतला आहे, दोन मिनिटांत चौकट तयार होते. येथे लेप पातळ, जाळी उघडी आणि उजेडाला आडकाठी काही नाही, म्हणून येथे दिवा अगदी चपखल बसला.

ज्या भगिनीच्या हाताला त्रास झाला, तिचे हात आता बरे आहेत. ती पुन्हा आपल्या पाण्याच्या शाईने छपाई करते, हातमोजे घालून. आणि प्रत्येक नव्या डब्यावरचे बारीक अक्षर आपल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घेते. तिने घालून दिलेला हा नियम आता सर्वांनी पाळावा, अशी माझी सूचना आहे.

भगिनींनो, आपण फार शिकलेल्या नाही म्हणून यंत्रांच्या गोष्टीत बोलू नये, असे आपल्याला वाटत असते. पण पाणी आटविणे, वाळविणे, आच किती आणि किती वेळ द्यावी हे ओळखणे, हे तर आपले रोजचे काम आहे. सर्वांत नेमका प्रश्न विचारला तो आपल्या काकूंनी, आणि त्या शाळेत चौथीच्या पुढे गेलेल्या नाहीत. तेव्हा विचारण्यास लाजू नये. मी लाजले नाही, पण मी घाई केली. ती कोणी करू नये.

माझे वाचन लांबले. पुढच्या गणपतीला आपला माल वेळेवर जावो अशी इच्छा करून माझे भाषण पुरे करते.